गटात उत्तर देता येत नाही म्हणून

माझ्या मोबाइलवर एक गट आहे. त्यात चारशेच्या वर माणसे आहेत आणि बोलणारा एकच आहे. बाकीच्यांनी फक्त वाचायचे. काही लिहू गेले, तर जिथे लिहायची जागा असते तिथे एक ओळ दिसते : फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात. जूनपासून माझ्या पोटात दोन ओळींचे एक उत्तर अडकून बसले आहे. ते तिथे देता येईना, म्हणून संपादकांकडे जागा मागितली. दोन ओळींचे काम आता चार पानांवर जात असेल, तर तो दोष त्या गटाचा आहे.

गट आमच्या मानखुर्दमधल्या एका छोट्या चर्चच्या पास्टरांचा आहे. मी ख्रिस्ती नाही. गटात मी शेजारी म्हणून आहे. मानखुर्दच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवतो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक आणि वर चित्रकलेची पदविका. कादंबऱ्याही लिहितो, त्या वाचलेल्यांची संख्या या गटातल्या माणसांपेक्षा फार मोठी नसावी. तेव्हा कुणी मोठा पंडित पास्टरांवर चालून येतो आहे असे समजू नका. आणि माझा वाद धर्माचाही नाही. कुणी कुणाची प्रार्थना करावी हे ज्याचे त्याने ठरवावे. माझा वाद आहे तो एका चांगल्या माणसाच्या हातातल्या यंत्राशी, म्हणजे अर्थातच त्या माणसाशी.

चांगला माणूस हे मी उपचार म्हणून लिहीत नाही. मार्च २०२० मध्ये सगळे बंद पडले, देवळे, मशिदी, चर्च सगळ्यांना कुलपे लागली. त्या महिन्यांत आमच्या पुनर्वसनाच्या इमारतीचे जिने दिवसातून दहा वेळा चढणारा जर कुणी होता, तर तो हा पास्टर. मानखुर्द माहीत नसलेल्या वाचकांसाठी सांगतो. हार्बर मार्गावर वाशीच्या खाडीपुलाआधीचे हे मुंबईतले शेवटचे स्टेशन. जवळच देवनारचे डंपिंग ग्राउंड, १९२७ पासूनचे. २००० नंतरच्या वर्षांत रुळांलगतच्या झोपड्या हलवल्या, तेव्हा हजारो कुटुंबे इथल्या लल्लूभाई कंपाऊंडसारख्या वसाहतींत आणून बसवली. महानगरपालिकेच्या २००९ च्या मानव विकास अहवालात आमचा एम-पूर्व विभाग साऱ्या मुंबईत तळाला होता. अशा ठिकाणी टाळेबंदी म्हणजे काय, हे घरात बसून डालगोना कॉफी घुसळणाऱ्यांना समजणार नाही.

हा गट त्या दिवसांत जन्मला, आणि त्या वेळी तो उघडा होता. कोणीही बोलत असे. एका म्हाताऱ्या बाईंना लिहिता येत नव्हते. त्यांनी रात्री दोन वाजता आवाजी निरोप टाकला, की साखरेच्या गोळ्या संपल्या आहेत आणि मुलगा नाशिककडे अडकला आहे. सकाळी गोळ्या पोचल्या. कुणी कळवले, अमक्या खोलीत चूल पेटलेली नाही. कुणी कळवले, नळाला चार दिवस पाणी नाही. माझ्या वर्गातल्या दोन भावांत एकच मोबाइल आणि त्यातही पैसे नाहीत, हे मी तिथेच लिहिले, आणि तासाभरात कुणीतरी रिचार्ज मारले; कोणी ते आजवर मला ठाऊक नाही. पास्टर त्या गटात फार कमी बोलत. त्यांना वेळच नसे. ते ऐकत आणि जिने चढत.

पुढे सगळे उघडले. गटात सुप्रभाताची फुले आली, औषधी काढे आले, निवडणुका आल्या, दोन बायकांचे पाण्यावरून भांडण आले. पास्टर कंटाळले. कोणीही कंटाळला असता! एके दिवशी त्यांनी ते बटण दाबले. चारशे तोंडे एका क्षणात मिटली. त्यानंतर पास्टरांनी जुना तिपाई स्टँड घेतला, तोंडावर उजेड पाडणारा गोल दिवा घेतला, रविवारची प्रार्थना थेट दाखवू लागले. मग वाटपाचे कार्यक्रम आणि त्यांचे फोटो सुरू झाले. तांदूळ वाटप, ब्लँकेट वाटप, वह्या वाटप.

वह्यांपाशी येऊन मी थांबतो, कारण तिथूनच ही हकिकत सुरू होते.

या जूनमध्ये साठे नगरातल्या मुलांना वह्या वाटल्या. माझ्या सातवीच्या वर्गातली एक मुलगी त्यांत होती. हातात सहा वह्या, शेजारी देणारे पाहुणे, मागे फलक. फोटो गटात आला, फेसबुकवर गेला, आणि खाली लिहिले होते : गरजू विद्यार्थिनीस मदत. वर्गातल्या एकाच्या आईच्या मोबाइलवर तो आला. दुसऱ्या दिवशी वर्गात तिचे नाव 'गरजू' पडले. "ए गरजू, रबर दे." मुलांना त्या शब्दाचा अर्थ नीट माहीत होता की नाही कोण जाणे, पण टोचणारा शब्द मुले अचूक उचलतात. मुलगी चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी आली ती थेट माझ्या टेबलाशी. सहाही वह्या कोऱ्या होत्या. "सर, ह्या परत द्याल त्यांना? आईनं बाजारातून आणल्यात दुसऱ्या."

तिची आई चार घरची धुणीभांडी करते. त्या दुसऱ्या वह्या कशाच्या बदल्यात आल्या असतील, ते मी विचारले नाही.

वह्या घेऊन मी पास्टरांकडे गेलो. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतले, त्यांना वाईटही वाटले. पण म्हणाले, "सर, देणारे फोटो मागतात. फोटो नसेल तर पुढच्या वर्षी वह्या नाहीत. मी काय करू सांगा." हा युक्तिवाद हलका नाही. पैसे कुठे गेले हे विचारण्याचा देणाऱ्याला हक्क आहे. पण हिशेब म्हणजे पावती! दुकानदाराचे बिल आहे, वह्यांच्या गठ्ठ्याचा फोटो आहे, मुख्याध्यापकांच्या सहीची यादी आहे. हिशेबात मुलीचा चेहरा कोणत्या रकान्यात भरतात? देणाऱ्याला पावतीने समाधान होत नसेल, तर त्याला हिशेब नको आहे, आणखी काही हवे आहे. डोंगरावरील प्रवचनात दानाविषयी डाव्या आणि उजव्या हाताचे जे सांगितले आहे, ते मी पास्टरांना शिकवावे हा उलटा न्याय होईल.

आता कुणी म्हणेल, धर्माच्या माणसाने यंत्राच्या नादी लागूच नये. हे मला मुळीच मान्य नाही. मराठी माणसाने तर ते म्हणूच नये. फादर स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये राशोलला त्याचे ख्रिस्तपुराण छापून निघाले. देवनागरी खिळे नव्हते म्हणून बिचारी मराठी रोमन अक्षरांत छापली गेली. पण छापली गेली. आणि ते पुराण का रचले, हे तो ग्रंथाच्या आरंभीच सांगतो. नव्या ख्रिस्ती झालेल्यांपैकी एकाने त्याला विचारले, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्या जागी दुसरे का देत नाही? पाद्री गप्प बसला नाही, रागावलाही नाही. ओव्या रचायला बसला. ख्रिस्तपुराणाचा उगम असा समोरच्याच्या प्रश्नात आहे.

पुढे मुंबईत अमेरिकन मिशनने १८१६-१७ च्या सुमारास छापखाना घातला तो आपल्या धर्माची पुस्तके छापायला. पण छापखाना पाहून गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना उभा केला आणि पंचांगे छापली. त्याच मिशनच्या छापखान्यात पोरवयात नोकरीला लागलेल्या जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर काढला, आणि तिथून संस्कृत ग्रंथ साऱ्या हिंदुस्थानात गेले. मोरभट दांडेकर १८३१ मध्ये डॉ. विल्सनशी तोंडी वाद घालून थांबले नाहीत. त्यांनी पुस्तक छापले आणि विल्सनने त्याला पुस्तकानेच उत्तर दिले. मिशनऱ्यांनी आणलेले यंत्र उत्तर द्यायला मोकळे होते, ही त्याची थोरवी. 'फक्त मिशनरी छापू शकतात' अशी पाटी त्यावर नव्हती.

आणि एक गोष्ट तर पास्टरांनी आपल्या त्या गोल दिव्याखाली चिकटवून ठेवावी. मिशनचे 'ज्ञानोदय' पत्र जून १८४२ मध्ये त्या वेळच्या अहमदनगरला सुरू झाले. १८५५ मध्ये, फेब्रुवारी आणि मार्चच्या अंकांत, त्यात मुक्ता नावाच्या एका मुलीचा निबंध आला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेतली, मांग समाजातली ही मुलगी. तिने मांगमहारांच्या दुःखाविषयी लिहिले. बाळंत होणाऱ्या बायकांच्या डोक्यावर छप्पर नसते, हेही लिहिले. धर्माबद्दल बड्या बड्यांना अवघड पडतील असे प्रश्न विचारले. तिला मदत मिळाली म्हणून कुणी तिचे चित्र छापले नाही, तिचे म्हणणे छापले. त्यामुळेच आज पावणेदोनशे वर्षांच्या घरात आल्यावरही मुक्ता साळवे हे नाव महाराष्ट्र घेतो. माझ्या वर्गातली मुलगी मुक्तेपेक्षा कमी हुशार आहे असे मला वाटत नाही. अण्णाभाऊ साठ्यांचे नाव मिरवणाऱ्या वस्तीत ती राहते. तिला वह्या दिल्या, फोटो काढला, खाली एक शब्द लिहिला. तिला मात्र एक शब्दही विचारला नाही.

बाहेरच्या जगाचा दाखला हवा असेल तर तोही आहे. आमचे पास्टर पोपचे अनुयायी नव्हेत, पण चांगली गोष्ट कुठूनही घ्यावी. मार्कोनीने उभारून दिलेल्या आकाशवाणी केंद्रावरून व्हॅटिकन १२ फेब्रुवारी १९३१ पासून बोलत आले. सोळाव्या बेनेडिक्टनी २०१० चा आपला वार्षिक संपर्क-संदेश धर्मगुरू आणि संगणकयुग या विषयावरच दिला, आणि डिसेंबर २०१२ मध्ये ते स्वतः ट्विटरवर अवतरले. एवढे बोलून झाल्यावर २०२२ च्या संदेशाचा विषय काय होता? ऐकणे!

मराठी ख्रिस्ती लोक पास्टरला पाळक म्हणतात. किती सुंदर शब्द! मेंढरे पाळकाचा आवाज ओळखतात असे योहानाच्या शुभवर्तमानात आहे, आणि आमच्या गटात त्याची सोय उत्तम आहे; आवाज रोज सकाळी सात वाजता येतो. पण काट्यात अडकलेले मेंढरू ओरडले, तर ते ऐकू येण्याची वाट बंद करून ठेवली, तर पाळकाने शोधायला जावे कुठे? पास्टर म्हणतात, उघडले की कचरा येतो. येणारच. डंपिंगच्या शेजारी राहणाऱ्यांना कचऱ्याची एवढी भीती! कचऱ्यातून वेचणारे हात याच वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. दोन समंजस बायकांना नेमा, त्या सुप्रभाताची फुले काढून टाकतील आणि गोळ्या संपल्याचा निरोप ठेवतील.

हे सगळे एका पास्टरच्या माथी मारून मी मोकळा होत नाही. आमच्या शाळेतही गणवेश वाटपाचे फोटो भिंतीवर लागतात. ते चिकटवताना मी स्वतः खुर्चीवर चढलो आहे. आणि वाचकहो, यंदाच्या दिवाळीत तुमच्या सोसायटीतून, मंडळातून फराळाची पाकिटे कुठल्या तरी वस्तीत किंवा आश्रमात जातील. जावीतच. चकली देताना मोबाइल कुणाच्या हातात आहे, तेवढे पाहा.

त्या सहा वह्या अजून माझ्या कपाटात आहेत. पास्टर न्यायला येतो म्हणाले होते, आलेले नाहीत. लेख लिहिण्याआधी मुलीला विचारले, लिहू का? ती म्हणाली, "लिहा, पण नाव नको. आणि 'ती' शब्द पण नको." तो शब्द मला टाळता आला नाही, याबद्दल तिची क्षमा मागितली आहे. अंक आला की एक प्रत मी स्वतः पास्टरांच्या घरी नेऊन देणार. ते चौथ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट बंद आहे. लिफ्ट बंद असल्याचे गटात कळवता आलेले नाही.