पक्ष्यांची मोजणी आणि रोगाची चाहूल

जानेवारीचा शेवटचा आठवडा. इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यात एखाद्या घराच्या खिडकीशी चहाचा कप आणि वही घेऊन कुणीतरी बसलेले असते. बाहेर बागेत दाण्यांचे भांडे टांगलेले असते. एक तास बसायचे आणि दिसतील ते पक्षी लिहायचे. नियम साधा, पण महत्त्वाचा आहे. तासाभरात चिमण्या किती वेळा आल्या हे लिहायचे नाही. एका वेळी जास्तीत जास्त किती दिसल्या, तोच आकडा लिहायचा. म्हणजे एकच चिमणी चारदा आली तरी तिच्या चार चिमण्या होत नाहीत. ‘आरएसपीबी’ या पक्षिसंरक्षण संस्थेने १९७९ मध्ये मुलांसाठी सुरू केलेल्या या मोजणीत आता दरवर्षी पाच लाखांहून अधिक लोक भाग घेतात.

याच पक्षिनिरीक्षकाची पावले वसंतात समुद्राकडे वळतात. बेम्प्टनच्या पांढऱ्या खडूच्या कड्यांवर गॅनेट, किटीवेक आणि पफिन या सागरी पक्ष्यांच्या वसाहती गजबजलेल्या असतात. मे महिन्यात गावातल्या घरांच्या वळचणीला पाकोळ्या येतात, ऑगस्टमध्ये निघून जातात. तोवर पफिनही समुद्रात परतलेले असतात. थंडी पडली की स्कँडिनेव्हियातून कस्तूर येतात आणि वहीचे पान पुन्हा बागेकडे वळते. अशी वीस-तीस वर्षांची वही अनेक घरांत सापडते. बघणाऱ्याला तो निवृत्त माणसाचा विरंगुळा वाटतो. खरे तर तो आजाऱ्याच्या उशाशी टांगलेल्या तापाच्या तक्त्यासारखा असतो.

ताप एकदा मोजून निदान होत नाही. काल किती होता, परवा किती होता, हे कळले तरच आजच्या आकड्याला अर्थ येतो. चिमणीचेच पाहा. ब्रिटनच्या बागांच्या या मोजणीत ती वर्षानुवर्षे पहिल्या क्रमांकावर आहे. तेवढेच वाचले तर सारे आलबेल वाटेल. पण १९७९ च्या नोंदींशी ताडून पाहिले, तर एका बागेमागे दिसणाऱ्या चिमण्यांची सरासरी निम्म्याहूनही खाली गेलेली दिसते. जुनी पाने नसती, तर पहिला क्रमांक पाहून सगळे निर्धास्त राहिले असते.

ग्रीनफिंच या हिरवट पक्ष्याची कहाणी याहून बोलकी आहे. हा बागेतल्या दाण्यांचा नेहमीचा गिऱ्हाईक. २००५ च्या सुमारास लोकांना बागेत वेगळेच दृश्य दिसू लागले. पिसे फुलवून पक्षी भांड्यापाशीच बसून राहतो, दाणा चोचीत घेतो, पण गिळू शकत नाही. चोचीभोवती ओल दिसते आणि एक-दोन दिवसांत तो मेलेला सापडतो. तपासात ‘ट्रायकोमोनास गॅलिने’ हा एकपेशीय परजीवी सापडला. कबुतरांमध्ये तो फार पूर्वीपासून माहीत होता. आता तो फिंच पक्ष्यांत शिरला होता. घशात सूज आणि पिवळसर थर धरतो, अन्ननलिका बंद होत जाते, पक्षी उपाशी मरतो. माणसाला हा परजीवी बाधत नाही. पण एकेकाळी बागोबाग दिसणारा ग्रीनफिंच २०२१ मध्ये ब्रिटनच्या ‘लाल यादी’त, म्हणजे सर्वाधिक चिंतेच्या पक्ष्यांत जाऊन बसला.

इथे एक अवघड गोष्ट मान्य करावी लागते. या रोगाला वाट मिळाली ती माणसाच्या ममतेतून. आजारी पक्ष्याने चोचीतून टाकलेला लाळेने ओला दाणा दुसरा पक्षी उचलतो. पाण्याच्या भांड्यातही तेच घडते. रानात विखुरलेले थवे एका पसरट ताटलीभोवती दाटीने जमले की संसर्गाचे काम सोपे होते. म्हणूनच २०२५ च्या सुरुवातीला ‘आरएसपीबी’ने सपाट चारापात्रांची स्वतःची विक्री थांबवली. दाणे घालणे हा गुन्हा नव्हे. मात्र जो खाऊ घालतो त्याने भांडे घासायलाही हवे. खानावळीला लागू असलेला नियम पाखरांच्या पंगतीलाही लागू आहे.

बागेत परजीवी, तर कड्यांवर विषाणू. बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू पूर्वी मुख्यतः कोंबड्या-बदकांचा आजार म्हणून ओळखला जाई. २०२१ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या बेटांवर ग्रेट स्कुआ हे धिप्पाड सागरी पक्षी मरू लागले. २०२२ मध्ये तो गॅनेटच्या वसाहतींत घुसला. एडिनबराजवळचा ‘बास रॉक’ हा खडक म्हणजे जगातली गॅनेटची सर्वांत मोठी वसाहत. २०१४ मध्ये तिथे सुमारे ७५ हजार जोड्या होत्या. हे पक्षी चोच लागेल इतक्या जवळजवळ घरटी करतात. अशा दाटीत विषाणूला आणखी काय हवे? नंतरच्या मोजणीत ब्रिटनमधले ग्रेट स्कुआ ७६ टक्क्यांनी आणि गॅनेट २५ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. गॅनेट वर्षाला एकच अंडे घालतो आणि वयाच्या पाचव्या वर्षाच्या आसपास वीण सुरू करतो. एका उन्हाळ्यात झालेले नुकसान भरून यायला किती वर्षे लागतील, याचा अंदाज यावरून येतो.

याच वेळी निरीक्षकांना एक विलक्षण गोष्ट दिसली. गॅनेटचे डोळे फिकट निळे असतात. काही पक्ष्यांचे मात्र काळे पडले होते. रक्त तपासल्यावर त्यांतील बहुतेकांत विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. म्हणजे ते आजारातून तरून आलेले होते. वर्षानुवर्षे त्याच डोळ्यांकडे पाहणारी माणसे होती, म्हणूनच हा बदल टिपला गेला.

आणि हे टक्के कशाच्या आधारावर काढले? ब्रिटन आणि आयर्लंडच्या सागरी पक्ष्यांची मोठी गणना १९६९-७० पासून ठरावीक अंतराने होत आली आहे. चौथी गणना २०१५ ते २०२१ या काळात, साथ भरात येण्याआधीच पूर्ण झाली होती. त्यात शेकडो हौशी स्वयंसेवक कड्यांवर उभे होते. आजारापूर्वीचा हा तक्ता हाती नसता, तर ‘बरेच पक्षी मेले’ यापलीकडे कुणाला काही सांगता आले नसते.

हौशी लोकांच्या नोंदीत चुका असतात, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. एखादा पक्षी चुकीचा ओळखला जातो, एखादा सुटतो. पण जागा तीच, वेळ तीच आणि पद्धत तीच ठेवली, तर दरवर्षीची चूकही साधारण सारखीच राहते आणि चढ-उतार खरा दिसतो. यात सगळ्यांत दुर्लक्षित आकडा शून्याचा. दुर्मीळ पक्षी दिसला की सगळे लिहितात; रोजचा पक्षी आज दिसला नाही, हे क्वचितच कुणी लिहिते. रोगाची पहिली चाहूल मात्र बहुधा त्या शून्यातच असते.

भारताने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी ऐंशीच्या दशकातील गिधाडांच्या नोंदी नव्वदच्या दशकातील नोंदींशी ताडल्या, तेव्हा गिधाडे झपाट्याने नाहीशी होत असल्याचे उघड झाले. २००४ मध्ये कारण सापडले: गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक. मेलेल्या जनावराच्या मांसातून ते पोटात गेले की गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ मध्ये गुरांसाठीच्या या औषधावर बंदी आली. पण तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शंभरातले एखादेही शिल्लक राहिले नव्हते. भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेकही त्याच वर्षी, महाराष्ट्रातल्या नवापूरच्या कोंबड्यांत नोंदला गेला.

म्हणून पक्ष्यांच्या वहीकडे सार्वजनिक आरोग्याच्या नजरेने पाहायला हवे. एच५एन१ पक्ष्यांपुरता राहिलेला नाही. २०२४ मध्ये तो अमेरिकेतल्या दुभत्या गाईंत सापडला. सामान्य माणसाला आज त्याचा धोका कमी आहे, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. नीट शिजवलेली अंडी आणि चिकन खायला हरकत नाही. पण विषाणू कुठे फिरतो आहे हे माणूस आजारी पडण्याआधी कळावे, असे वाटत असेल, तर गावातल्या झाडावरची बगळ्यांची वीण, खाडीतले रोहित आणि किनाऱ्यावरचे कुरव कुणीतरी नेमाने मोजायला हवेत. जिल्ह्याच्या रोगसर्वेक्षणात डॉक्टर आणि पशुवैद्यक यांच्याबरोबर स्थानिक पक्षिनिरीक्षकालाही जागा असावी. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. नोंद कुणाला कळवायची, हे ठरलेले असावे लागते.

घरच्या घरी करण्यासारखे थोडे आहे, पण ते नेमाने करावे लागते. उन्हाळ्यात गच्चीवर पाखरांसाठी ठेवलेले पाणी रोज बदलावे, भांडे घासून वाळू द्यावे. आजारी पक्षी दिसू लागले, तर दोन आठवडे तरी दाणा-पाणी बंद ठेवावे, म्हणजे गर्दी पांगते. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये. एकाच ठिकाणी अनेक पक्षी मेलेले आढळले तर पशुसंवर्धन विभागाला कळवावे. वसाहतीच्या फार जवळ जाऊ नये. २०२२ मध्ये इंग्लंडच्या फार्न बेटांवर पर्यटकांना उतरायला बंदी केली गेली, तेव्हा पफिनच्या चाहत्यांना किनाऱ्यावरच थांबावे लागले. कधी कधी लांब थांबणे हीच शुश्रूषा असते.

बाकी लागते ती एक वही आणि आठवड्यातला एक तास. खिडकीतून रोज दिसणारी चिमणी आज दिसली नाही, तर तिच्या नावापुढे शून्य लिहायला विसरू नये.