पुतळे गावात, निर्णय मंत्रालयात

मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनाच्या निमित्ताने, पंतप्रधानांच्या हस्ते शिवछत्रपतींच्या ३५ फुटी पुतळ्याचे अनावरण झाले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे पुरते नऊ महिनेही उभा न राहता, तो कोसळला. पुढे अशा प्रसंगी जे होते ते सारे झाले. मोर्चे निघाले, माफी मागितली गेली, अटका झाल्या, चौकशी समिती बसली. आणि ११ मे २०२५ रोजी त्याच जागी साठ फुटी नव्या पुतळ्याचे लोकार्पण झाले. पहिल्याहून उंच पुतळा उभारला की प्रश्न मिटला अशी सत्ताधाऱ्यांची समजूत दिसते, आणि खेदाची गोष्ट ही की विरोधकांची समजूतही फारशी निराळी नाही. कंत्राट कोणाला मिळाले, कोणाच्या ओळखीने मिळाले, याची चर्चा पुष्कळ झाली व ती व्हायलाच हवी होती. परंतु या साऱ्या व्यवहारात मालवण शहराला कोणी काही विचारले होते काय, हा प्रश्न अभावानेच विचारला गेला. आम्हांला तोच मूळचा प्रश्न वाटतो.

व्यवहार कसा झाला ते पाहावे. पैसा राज्य सरकारचा. तो नौदलाकडे देण्यात आला. ही रक्कम २ कोटी ३६ लाख असल्याचे तेव्हा जाहीर झाले. शिल्पकाराची निवड व कामाची देखरेख नौदलाकडे. पुतळा कोसळण्याच्या सहा दिवस आधी, पावसाने व खाऱ्या वाऱ्याने पुतळ्याचे नट-बोल्ट गंजत असल्याचे पत्र सार्वजनिक बांधकाम खात्याने नौदलाला लिहिले होते. कला संचालनालयाने मान्यता दिली होती ती सहा फुटी नमुन्याला; प्रत्यक्ष पुतळा ३५ फुटी होणार हे आपणांस कळविण्यात आले नव्हते, असे संचालकांनी मागाहून सांगितले. एका खात्याचा पैसा, दुसऱ्याचे काम, तिसऱ्याची मान्यता, चौथ्याचे पत्र! या साखळीत सगळे आहेत. नाही ती फक्त मालवणची नगरपरिषद, आणि नाहीत ते मालवणचे नागरिक. त्या काळात राज्यातील बहुतेक नगरपरिषदांवर लोकनियुक्त सदस्यांऐवजी प्रशासक बसलेले होते, हेही येथे विसरता येत नाही. विचारायचे म्हटले असते तरी विचारायचे कोणाला?

पुतळा का पडला, तर ताशी ४५ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने, असे सरकारतर्फे प्रथम सांगण्यात आले. कोकणच्या माणसाला या खुलाशावर हसावे की रडावे हे समजले नसेल. श्रावणात दर्यावरून येणारा वारा किती असतो हे मालवणच्या दांडीवरचा कोणताही मच्छीमार सांगू शकला असता. त्यासाठी तज्ज्ञांची समिती नको होती. समितीच्या अहवालात पुढे गंज, सदोष जोडकाम आणि कमकुवत सांगाडा ही कारणे आली. म्हणजे वारा निर्दोष सुटला.

राजकोटच्या समोर, पाण्यात, सिंधुदुर्ग उभा आहे. त्या किल्ल्यात शिवरायांचे मंदिर आहे. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १६९५ मध्ये, ते बांधले गेले असे मानले जाते. आतली मूर्ती दगडाची, साधी. दाढी नाही, आणि डोक्यावर दर्यावर्दी माणसाची वाटावी अशी टोपी. कलासमीक्षक तिच्यावर लुब्ध होतील असे नव्हे. पण तीन शतकांहून अधिक काळ, मराठेशाही गेली, इंग्रज आले आणि गेले, तरी ती मूर्ती जागेवर आहे, कारण तिची पूजाअर्चा व निगा करणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या तेथे आहेत. त्या मूर्तीला कोणी तरी वाली आहे. समोरच्या काठावरच्या पुतळ्याला मालक चार होते आणि वाली एकही नव्हता.

भूतकाळाचे गोडवे गाण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. राजेशाहीतील मंदिर हा लोकशाहीतील सार्वजनिक कलेचा आदर्श होऊ शकत नाही. लोकशाहीचा आदर्श शोधायचा तर तो आपल्याच नगरपालिकांच्या इतिहासात सापडतो. पुण्यात १९२४ मध्ये लोकमान्य टिळकांचा पुतळा मंडईत बसला. अनावरणाला मोतीलाल नेहरू आले होते. दुसऱ्याच वर्षी केशवराव जेधे यांनी महात्मा फुले यांच्या पुतळ्याचा प्रस्ताव नगरपालिकेत मांडला आणि शहरात वादळ उठले. ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक त्याच वादळातले, आणि पुढचा खटलाही. जेधे यांचा प्रस्ताव हाणून पाडण्यात आला. तो अन्याय होता, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. परंतु तो अन्याय उघड्यावर, सभागृहात, नावानिशी झाला. कोण कोणत्या बाजूने उभे राहिले हे पुण्याला कळले, आणि म्हणूनच पुढच्या पिढीला त्याविरुद्ध लढता आले. आजचा निर्णय कोणत्या टेबलावर झाला हे कळायलाही माहितीच्या अधिकारात अर्ज करावा लागतो.

कोल्हापूरचे उदाहरण तर आपल्या कार्यकर्त्यांना पाठ असायला हवे. ९ डिसेंबर १९५० रोजी बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे अर्धपुतळे बसले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. त्या कामात पुढाकार होता भाई माधवराव बागल यांचा. बागल हे केवळ पुढारी नव्हते, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले चित्रकार होते. ते अर्धपुतळे आकाराने मोठे नाहीत. मान वर करून पाहावे लागत नाही. रस्त्याने जाणाऱ्याच्या नजरेला नजर भिडते. उंची वाढविली की आदर वाढतो हा अलीकडचा शोध आहे. आदराचे माप फुटांत घेण्याची सवय लागली की पुढचा पुतळा नेहमीच अधिक उंच, अधिक खर्चाचा आणि म्हणून गावाच्या आवाक्याबाहेरचा होतो. साठ फुटी पुतळ्याचा निर्णय कोणतीही छोटी नगरपरिषद घेऊ शकत नाही. २०११ च्या जनगणनेत मालवणची वस्ती वीस हजारांच्या आत होती. एवढ्या गावाने तो खर्च पेलावा कसा? उंची ही अशा रीतीने गावाकडून निर्णय काढून घेण्याची युक्तीच बनते.

हा प्रश्न पुतळ्यांपुरता नाही. गेल्या दहा वर्षांत कोणत्याही तालुक्याच्या गावी जावे, वेशीपाशी ‘आय लव्ह’ अशी अक्षरे आणि पुढे गावाचे नाव, मध्ये लाल बदाम, हे दृश्य दिसते. स्वच्छ सर्वेक्षणात गुण मिळावेत म्हणून भिंती रंगविल्या जातात. मोर, कमळ, झाडू घेतलेली बाई, पुन्हा मोर. पहिल्या पावसाळ्यात निळा रंग ओघळतो, दुसऱ्यात पोपडे निघतात, तिसऱ्या वर्षी नवे अनुदान येते आणि नवा मोर. आमचा मोरावर राग नाही. पण ज्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात पिंगुळीची चित्रकथी आहे, जिथल्या परशुराम गंगावणे यांना त्या कलेसाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, जिथे सावंतवाडीची गंजिफा आणि लाकडी खेळणी आहेत, तेथील भिंतींवरही चित्रे काढण्याचे काम निविदेने द्यायचे आणि सर्वांत कमी दर भरणाऱ्याला द्यायचे, ही कोणती रीत? गटार बांधताना कमी दराला अर्थ असतो. चित्र आणि शिल्प चौरस फुटाच्या दराने घेतले की त्यातला चित्रकार व शिल्पकार आधी बाद होतो आणि मग उरते ते कंत्राट.

शिल्पाच्या कामाची जातकुळीच वेगळी आहे. आधी लहान नमुना, मग पूर्ण आकाराचे मातीकाम, त्यावर प्लास्टरचा साचा, मेणाची प्रत, आणि शेवटी कांस्याचे ओतकाम. त्यातही तुकडे जोडणे आणि आतला सांगाडा हे निराळे शास्त्र. माती ओली असते तोवरच चूक सुधारता येते. राज्य शासनाच्या २००५ च्या व त्यानंतर २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत कला संचालनालयाच्या मान्यतेची अट आहे, ती याच कारणासाठी. पण अनावरणाची तारीख आधी ठरते, पाहुणा आधी ठरतो, आणि माती सुकायला जेवढे दिवस लागतात तेवढेही शिल्पकाराला मिळत नाहीत. लहान गावांत तर कांस्य परवडत नाही म्हणून फायबरचा पुतळा कांस्यरंग देऊन उभा केला जातो, आणि कोनशिलेवर मंत्री, आमदार, सभापती यांची नावे कोरली जातात. शिल्पकाराचे नाव शोधूनही सापडत नाही.

निगेचे तर बोलायलाच नको. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी राज्य शासनाने स्वातंत्र्यसंग्रामातील हुतात्म्यांची सुमारे दोनशे स्मारके गावोगावी बांधली. कल्पना उत्तम होती. वाचनालय चालावे, सभा व्हाव्यात, मुलांनी तेथे यावे. त्यांतील कित्येकांची दारे मोडली, छपरे गळू लागली, आवारात गवत वाढले. बांधणारे खाते एक, सांभाळणारे कोण याचा पत्ता नाही. बांधकामाला शीर्षक असते, उद्घाटनाला शीर्षक असते, झाडू आणि कुलपाला शीर्षक नसते. ज्यांनी आपल्या पक्षाच्या आयुष्यात बेचाळीसचा वारसा सांगितला त्यांनी आपल्या तालुक्यातील हुतात्मा स्मारकाच्या आवारात शेवटचे पाऊल केव्हा ठेवले, हेही एकदा आठवून पाहावे.

येथे आमचे काही मित्र रास्त आक्षेप घेतील. ज्या गावात दिवसाआड पाणी येते, सफाई कामगारांचे पगार थकतात, तेथे शिल्पांची चर्चा कशाला? आक्षेपात वजन आहे. पण पैसा खर्च होतच नाही अशी स्थिती असती तरच तो निर्णायक ठरला असता. पैसा खर्च होतो आहे, कोट्यवधींनी होतो आहे. फक्त तो गावाच्या अंदाजपत्रकातून न जाता विशेष अनुदाने, जिल्हा नियोजनाचा निधी, आमदार निधी अशा आडवाटांनी येतो. अंदाजपत्रकात आला तर ‘आधी नळ की आधी पुतळा’ हा प्रश्न सभागृहात उभा राहील, आणि प्रत्येक गाव त्याचे उत्तर आपल्या परीने देईल. कदाचित नळ म्हणेल. तसे म्हणण्याचा अधिकारच आज गावाला नाही. आयत्या अनुदानाची गंमत ही की ते नळासाठी मागता येत नाही; पुतळ्यासाठी आले ते पुतळ्यावरच खर्चायचे, नाहीतर परत.

अधिकार कागदावर आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या परिशिष्टात नगरपालिकांकडे सोपवायच्या अठरा विषयांत तेरावा विषय सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींच्या संवर्धनाचा आहे. तीस वर्षांहून अधिक काळ तो तेथे निपचित पडून आहे. इतर देशांतील शहरांनी यासाठी वाटा शोधल्या. फ्रान्सने १९५१ मध्ये शाळांच्या बांधकामखर्चातला शेकडा एक भाग कलाकृतींसाठी ठेवला. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने १९५९ मध्ये असाच नियम केला. त्यांची नक्कल करा असे आम्ही म्हणत नाही. पण नगरपरिषदेने मंडई, शाळा, नाट्यगृह बांधताना शंभरातला एक रुपया कलेसाठी बाजूला काढला, आणि त्या रुपयातले चाळीस पैसे निगेसाठी राखून ठेवले, तर कोणत्याही आमदाराच्या दारात उभे न राहता दर चार-पाच वर्षांनी एक चांगले काम गावाच्या नावावर उभे राहू शकेल. लोकवर्गणीची जोड मिळाली तर अधिक बरे. वर्गणी थोडी असली तरी चालेल. पाच रुपये देणारा माणूस पुतळ्याचा रंग उडाला की विचारायला येतो.

नमुना मात्र लोकांना दाखवावा. मातीचा नमुना आठवडाभर नगरवाचनालयात ठेवावा, तेथे सूचनांची वही ठेवावी, आणि निवड समितीत एक शिल्पकार, एक अभियंता आणि त्या चौकात ज्यांचे दुकान वा हातगाडी आहे त्यांच्यापैकी एक असावा. जागेचा प्रश्न १८ जानेवारी २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बराचसा सोडविला आहे. रस्ते, पदपथ व सार्वजनिक वापराच्या जागा अडवून पुतळे उभारण्यास त्याने मनाई केली. तो आदेश किती पाळला जातो हे चौकाचौकांत दिसतेच.

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या आणि प्रशासकांचा दीर्घ काळ संपून सभागृहांत पुन्हा माणसे बसली. बॅ. नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते यांना लोकसभेत पाठविणाऱ्या कोकणात आज आपले सदस्य हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, इतरत्रही स्थिती फार वेगळी नाही. परंतु अंदाजपत्रकाच्या सभेत एक शीर्षक सुचवायला बहुमत लागत नाही. आणि जेथे एकही सदस्य नाही तेथेही एक काम करता येईल. आपल्या शहरातील प्रत्येक पुतळा, स्मारक, रंगविलेली भिंत यांची यादी करावी: कोणी घडविले, केव्हा, कोणाच्या पैशाने, किती खर्च आला, आणि आज निगा कोणाकडे आहे. नगरपरिषदेत ही माहिती मागावी; बहुधा शेवटच्या रकान्यात काही सापडणार नाही. ज्या शाखा अशी यादी पुरी करतील त्यांनी ती आमच्याकडे धाडावी. रकाने रिकामे असले तरी ती याच पानावर छापली जाईल.