पत्ता आपला, पेटी कुणाचीही!

2024 मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, पण शहराचा पिन कोड 414001 तोच राहिला. ई-मेलचं मात्र तसं नाही. तिथे आपला पत्ताच दुसऱ्याच्या मालकीचा! पास आऊट झाल्यावर कॉलेजचा आयडी बंद झाला, तर नोकरीचा कॉल येणार कुठे?

माझं म्हणणं असं, की प्रत्येकाने स्वतःच्या नावाचं डोमेन घ्यावं. 2005 पासून डॉट इन सर्वांना खुलं आहे आणि वर्षाची फी साधारण महिन्याच्या मेस-बिलाहूनही कमी असते. डोमेनच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग सेवेचे एमएक्स रेकॉर्ड टाकायचे आणि येणारी मेल नेहमीच्या जीमेलकडे वळवायची. उद्या जीमेल सोडलं तरी पत्ता तोच, फक्त वळण बदलायचं.

पण दोन-तीन गोष्टी सांभाळा. फॉरवर्डिंगने मेल फक्त येते. त्याच पत्त्यावरून उत्तर द्यायला एसएमटीपीची वेगळी सोय लागते. वळवलेली मेल एसपीएफ तपासणीत नापास होऊन स्पॅममध्ये जाऊ शकते, म्हणून तिथेही डोकवा. आणि रिन्यूअल अजिबात चुकवू नका. सुटलेलं डोमेन दुसऱ्याने घेतलं, तर तुमच्या पासवर्ड रिसेटच्या मेल त्याच्या हातात! पत्ता आपला हवा, तर राखणही आपणच करायला हवी.