खाडाखोड दिसू द्या

जुन्या पेढीवर मुनीमजींना दोन गोष्टींची सक्त मनाई असे. वहीचे पान फाडायचे नाही आणि चुकलेला आकडा खरवडायचा नाही. चूक झालीच तर आकड्यावर एक आडवी रेघ मारायची आणि शेजारी बरोबर आकडा लिहायचा. वही शिवलेली, त्यामुळे एक पान ओढले की जोडीचे पानही सुटून हातात येई. चूक दुरुस्त होत असे, पण लपत नसे. लहान व्यापाऱ्याचा हिशेब या वहीतून काढून संगणकावर नेला तो मुख्यतः टॅलीने. या बदलाचे कौतुक भरपूर झाले. त्यात आडव्या रेघेचे काय झाले, हे मात्र फारसे कुणी विचारले नाही.

टॅली बंगळूरची. श्यामसुंदर गोयंका यांचा कारखान्यांना आणि कापडगिरण्यांना कच्चा माल व यंत्रांचे सुटे भाग पुरवण्याचा धंदा होता. मनासारखे हिशेबाचे सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा त्यांनी गणित शिकलेल्या मुलालाच, भरत गोयंका यांना, ते लिहायला बसवले. ही १९८६ ची गोष्ट. डॉसवर चालणाऱ्या पहिल्या प्रोग्रामचे नाव ‘प्युट्रॉनिक्स फायनान्शियल अकाउंटंट’ असे लांबलचक होते आणि कंपनीही प्युट्रॉनिक्स म्हणूनच ओळखली जाई. १९९९ मध्ये कंपनीने टॅली हेच नाव स्वतःला लावून घेतले. आपल्याकडे हिशेबाचा ‘ताळा’ पूर्वीपासून होताच, त्यामुळे मराठी दुकानदाराला हे नाव परके वाटायचे कारण नव्हते.

टॅली का चालली, याचे उत्तर तिच्या जन्मकथेत आहे. ती बनवून घेणारा माणूस स्वतः गादीवर बसणारा होता. त्या काळच्या हिशेबाच्या पॅकेजांत प्रत्येक खात्याला एक सांकेतिक क्रमांक द्यावा लागे. संगणकाची ती सोय, पण मुनीमजींची गैरसोय. ज्या माणसाला दोनशे गिऱ्हाइकांची नावे, गावे आणि उधारी तोंडपाठ, त्याने आता क्रमांक पाठ करायचे! टॅलीने क्रमांक काढून टाकले. नावाची पहिली दोन-तीन अक्षरे मारली की खाते समोर येते. दुसरे म्हणजे खतावणी. वहीच्या काळी रोजकीर्द लिहून झाली की तिच्यावरून एकेका खात्यात नोंद उतरवणे हे वेगळे, कंटाळवाणे काम असे आणि चुका बहुतेक तिथेच होत. टॅलीत एकदा व्हाउचर टाकले की खतावणी, तेरीज आणि ताळेबंद त्याच क्षणी बदलतात. अकरावी-बारावीच्या ‘पुस्तपालन आणि लेखाकर्म’मध्ये जे टप्पे मुले एकेक करून शिकतात, ते इथे एका एंटरमध्ये उरकतात.

आणि माउसला हात लावावा लागत नाही. पैसे दिले, एफ५. पैसे आले, एफ६. विक्री एफ८, खरेदी एफ९. मुरलेल्या अकाउंटंटकडे पाहत बसावे. डावा हात बिलांचा गठ्ठा उलटतो, उजवा आकड्यांवर पळतो, आणि पडद्याकडे तो मधूनच पाहतो. व्हाउचर नोंदवू का, असे टॅली विचारते. त्यावर ‘वाय’ची कळ तो न वाचताच दाबतो. विंडोज आले, पडद्याचे रूप पालटले, तरी कंपनीने या बोटांना फार त्रास दिला नाही. सॉफ्टवेअरच्या धंद्यात हा संयम विरळा.

या बोटांच्या सवयीवर एक सबंध शिक्षणव्यवस्था उभी राहिली. तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर टॅलीच्या क्लासची पाटी असतेच. एमकेसीएलच्या अभ्यासक्रमांतही टॅली आहे. ‘टॅली येणे आवश्यक’ ही ओळ नोकरीच्या जाहिरातींत कधीपासून रुळली आहे. परवाना नसेल तर टॅली शिकाऊ पद्धतीने उघडते आणि तिथे व्हाउचरला महिन्याची १, २ किंवा ३१ हीच तारीख घालता येते. कॉमर्सच्या कितीतरी मुलामुलींनी काल्पनिक दुकानांची वर्षभराची उलाढाल या दोन-तीन तारखांत कोंबून बसवली आहे. पहिल्या नोकरीत १७ तारखेचे बिल हातात आले की गंमत वाटते, असे त्यांच्यातलेच सांगतात.

आता त्या रेघेकडे येऊ. वहीत मागे जाता येत नसे. टॅलीत जाता येते. मार्च संपला, जून उजाडला, तरी फेब्रुवारीतले व्हाउचर उघडून रक्कम बदलता येते, तारीख सरकवता येते, नाहीतर ते सरळ काढून टाकता येते. वर्षअखेरीला पुस्तके बंद करण्याची सक्ती नाही. प्रामाणिक चुकांसाठी ही मोठी सोय होती आणि धंद्यात प्रामाणिक चुकाच जास्त असतात. पण जी सोय चुकीला, तीच लबाडीला. बँकेसाठी एक ताळेबंद आणि करासाठी दुसरा, हा उद्योग टॅलीने जन्माला घातला नाही, वहीच्या काळीही दोन चोपड्या असत. मात्र दुसरी चोपडी लिहायला तेव्हा रात्री जागवाव्या लागत. बदलांवर लक्ष ठेवण्याची सोय टॅलीत बरीच आधी आली होती, पण ती ऐच्छिक होती. स्वतःवर पहारा बसवायला मालक आपणहून कशाला जाईल?

सरकार या कथेत येते ते कराच्या वाटेने. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून व्हॅट लागू झाला, १ जुलै २०१७ पासून देशभर जीएसटी. कर बदलला की जुनी आवृत्ती निरुपयोगी होते आणि नवी घ्यावी लागते. टॅलीचा धंदा वाढण्यात करकायद्यांच्या या उलथापालथीचा वाटा मोठा आहे, असे आमचे मत आहे. आज विक्रेत्याने भरलेले बिल खरेदीदाराच्या जीएसटीआर-२बी या विवरणात दिसते. वहीच्या दोन बाजू पूर्वी मालक आणि मुनीम पाहत, आता तिसरा डोळा कायमचा आहे. एका टोकाने मागची नोंद गुपचूप बदलली तर दुसऱ्या टोकाला ती जुळत नाही.

पुढचे पाऊल १ एप्रिल २०२३ ला पडले. कंपनी कायद्याखालच्या नियमांनुसार त्या दिवसापासून प्रत्येक कंपनीचे हिशेबाचे सॉफ्टवेअर असे हवे, की कोणती नोंद कधी बदलली याचा माग त्यात आपोआप राहील आणि तो बंद करता येणार नाही. हा माग वर्षभर चालू होता की नाही, हे लेखापरीक्षकाला अहवालात लिहावे लागते. टॅलीने त्यासाठी ‘टॅलीप्राइम एडिट लॉग’ ही वेगळी आवृत्ती काढली. जुनी रक्कम, नवी रक्कम, बदलणाऱ्याचे नाव, वेळ, सगळे तिथे दिसते. मुनीमजींची आडवी रेघ परत आली म्हणायची.

पण ती आली फक्त कंपन्यांसाठी. बाजारपेठेतले बहुतेक गाळे एकट्या मालकाचे नाहीतर भागीदारीचे, आणि हा नियम त्यांना लागू नाही. त्यांच्या साध्या टॅलीप्राइममध्येही माग ठेवण्याची सोय आहे, एफ११ दाबून ती चालू करता येते. कायदा वाढवून ती किराणा दुकानदारावर लादावी, असे आम्ही म्हणणार नाही. विवरणपत्रांच्या तारखांनी तो आधीच बेजार आहे. परंतु ही सोय मुळातच चालू ठेवून सॉफ्टवेअर विकायला कंपनीची काय हरकत असावी? नको असेल त्याने बंद करावी. आज उलट आहे, हवी असेल त्याने शोधून चालू करायची.

याचा पहिला फायदा कर खात्याला होईल असेही नाही. दोन भाऊ दुकान चालवतात, हिशेब एकच पगारी माणूस पाहतो आणि पासवर्ड तिघांनाही ठाऊक. पाचव्या वर्षी वाटणीची वेळ येते, एखाद्या जुन्या उधारीचा आकडा दोघांच्या आठवणीत वेगळा निघतो आणि टॅलीत तिसराच असतो. वही असती तर त्या पानावर रेघ आहे का, एवढेच पाहायचे होते.