पाण्यातलं तेल मोजायला आणखी रसायन कशाला?



परवा बोईसरच्या बॅचमध्ये एका गॅरेजवाल्या दादांनी विचारलं, "सर, गाडी धुताना थोडंफार ऑइल जाणारच. त्याने काय बिघडतं?"

मी फळ्यावर हिशोब मांडला. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यात तेल-ग्रीसची मर्यादा आहे लिटरमागे 10 मिलिग्रॅम. एक लिटर इंजिन ऑइल साधारण 870 ग्रॅम भरतं. तेवढं तेल मर्यादेत बसवायला 87,000 लिटर पाणी लागेल, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळपास नऊ टँकर! वर्ग गप्प.

माझं दुकान मासवणला. इथून सूर्या नदीचं पाणी वसई-विरारला प्यायला जातं. म्हणून हा विषय मला टोचतो.

आता मोजायचं कसं? नेहमीच्या पद्धतीत नमुन्यात आम्ल टाकून तो हेक्झेनबरोबर घुसळतात. तेल हेक्झेनमध्ये उतरतं. मग हेक्झेन उडवून उरलेलं तेल तोलतात. हे हेक्झेन झटकन पेट घेतं आणि त्याची वाफ नसांना घातक. पूर्वी फ्रिऑन वापरायचे, पण त्याने ओझोनचा थर विरतो म्हणून 1987 च्या माँट्रियल करारानंतर ते मागे पडलं. म्हणजे घाण मोजायला आपण नवी घाण तयार करतो! शिवाय रिपोर्ट येईपर्यंत पाणी नाल्यात गेलेलं असतं.

दुसरी वाट आहे. एएसटीएम डी 7575 या पद्धतीत थोडंसं पाणी खास पडद्यातून ढकलतात. तेल पडद्यात अडकतं, पडदा सुकवून इन्फ्रारेड प्रकाशाने आकडा वाचतात. हेक्झेनचा थेंबही लागत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: छोट्या धंद्यांनी रोजच्या तपासणीसाठी हीच वाट धरावी. सरकारी कामाला मान्यताप्राप्त लॅबचाच रिपोर्ट द्या. पद्धत बदलली की आकडाही थोडा बदलतो, म्हणून सुरुवातीचे काही नमुने दोन्हीकडे तपासून ताळा जुळवा. मशीन एकट्या गॅरेजला परवडणार नाही, हे मान्य. पण पंधरा-वीस जणांनी मिळून घ्यायला काय हरकत आहे?

तोपर्यंत एक काम आजच करा. ऑइल बदलताना खाली ट्रे ठेवा, जळकं ऑइल ड्रममध्ये साठवा.

गल्ला आपण रोज रात्री मोजतो, सीएची वाट बघत नाही. पाण्याचंही तसंच करू. तुमच्याकडे काय करता, कमेंटमध्ये नक्की सांगा!