एन्रॉन, दाभोळ आणि उत्तरदायित्वाचा प्रश्न

१/१२
एन्रॉन बुडाली म्हणून दाभोळचा वीज प्रकल्प बंद पडला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. कालक्रम मात्र उलटा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात, अंजनवेल येथील वीजनिर्मिती २००१ च्या मेअखेरीस थांबली. ह्यूस्टनच्या एन्रॉनने दिवाळखोरीचा अर्ज केला तो २ डिसेंबर २००१ रोजी. दाभोळ आधी थांबले, एन्रॉन नंतर कोसळली. मग दाभोळचे उत्तर कोणी द्यायचे?

२/१२
कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती. तिचे कर्ज तिचे, भागधारकांचे नव्हे. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८९६ मध्ये सॉलोमन खटल्यात हे तत्त्व पक्के केले. पण या व्यक्तीला स्वतःचे डोळे नाहीत आणि विवेकही नाही. ते काम संचालक मंडळाचे. मर्यादित दायित्वाची सवलत समाज देतो, ती संचालक जागे राहतील या भरवशावर.

३/१२
जून १९९२ मध्ये सामंजस्य करार झाला आणि डिसेंबर १९९३ मध्ये वीज खरेदी करार. दाभोळ पॉवर कंपनीत एन्रॉनचा वाटा ८० टक्के, जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल यांचा प्रत्येकी १० टक्के. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने वीज घेवो वा न घेवो, स्थिर आकार द्यायचाच, तोही डॉलरशी निगडित. त्यावर राज्य शासनाची हमी आणि पहिल्या टप्प्यापुरती केंद्राची प्रतिहमी.

४/१२
इशारे मिळाले नव्हते असे नाही. जागतिक बँकेने १९९३ मध्येच या प्रकल्पाला अर्थसाहाय्य नाकारले होते. ऑगस्ट १९९५ मध्ये युती शासनाने करार रद्द केला आणि काही महिन्यांतच फेरवाटाघाटी करून तो पुन्हा स्वीकारला, दुसऱ्या टप्प्यासह. पुढे विद्युत मंडळच कंपनीचे १५ टक्के भागीदार झाले. एकमेव ग्राहक आणि भागीदार एकच! हितसंबंधांच्या संघर्षाचे याहून ठळक उदाहरण शोधावे लागेल.

५/१२
मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि दोन वर्षांच्या आत मंडळाला बिले झेपेनात. एप्रिल २००१ मध्ये माधव गोडबोले समितीने करारप्रक्रियेवर कठोर ताशेरे ओढले. पुढच्याच महिन्यात मंडळाने वीज घेणे थांबवले. सुमारे ३ अब्ज डॉलरचा प्रकल्प खाऱ्या वाऱ्यात उभा राहिला.

६/१२
त्याच काळात ह्यूस्टनमध्ये काय घडत होते? वित्तप्रमुख अँड्र्यू फास्टो यांना एन्रॉनशीच व्यवहार करणाऱ्या भागीदारी संस्था चालवता याव्यात, म्हणून संचालक मंडळाने १९९९ मध्ये कंपनीची आचारसंहिता बाजूला ठेवली. लेखापरीक्षण समितीचे प्रमुख लेखाशास्त्राचे नामवंत प्राध्यापक होते. ज्ञान होते, प्रश्न विचारण्याची इच्छा नव्हती.

७/१२
तेथे निदान हिशेब तरी मागितला गेला. अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने जुलै २००२ च्या अहवालात मंडळाला थेट दोषी धरले. जेफ्री स्किलिंग यांना तुरुंगवास झाला. २००५ मध्ये १८ माजी संचालकांनी १६.८ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. त्यांतील १.३ कोटी त्यांच्या स्वतःच्या खिशातून आले, उरलेले विमा कंपन्यांकडून.

८/१२
आणि येथे? एन्रॉनविषयीची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बंद केली. कारण एवढेच की आता फार काळ लोटला. २००५ मध्ये स्थापन झालेल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनीने प्रकल्प ताब्यात घेतला. त्यामागे एनटीपीसी, गेल आणि वित्तसंस्था होत्या, म्हणजे बहुतांशी जनतेचाच पैसा. नफ्याचे वाटेकरी करारात नावानिशी होते. तोट्याचा वाटेकरी मात्र निनावी ठरला.

९/१२
याला कायद्याची पोकळीही कारणीभूत होती. १९५६ च्या कंपनी कायद्यात संचालकांची कर्तव्ये एका ठिकाणी सांगितलेलीच नव्हती. विद्युत मंडळ तर कंपनीही नव्हते. १९४८ च्या वीज पुरवठा कायद्याखालील ती वैधानिक संस्था होती. एन्रॉननंतर, २००२ मध्ये, नरेश चंद्र समिती नेमली गेली. कर्तव्ये प्रत्यक्ष कायद्यात उतरली ती २०१३ च्या कलम १६६ मध्ये: सद्भाव, वाजवी काळजी, स्वतंत्र निर्णयबुद्धी. कंपनीच्या हितासोबत कर्मचारी, समाज आणि पर्यावरण यांचाही तेथे उल्लेख आहे.

१०/१२
२०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने पुढचे पाऊल टाकले. कलम ६६ नुसार, नादारी टळण्याची वाजवी शक्यता उरलेली नाही हे ज्या संचालकाला माहीत होते, किंवा माहीत असायला हवे होते, त्याने धनकोंचे नुकसान कमीत कमी व्हावे यासाठी योग्य दक्षता घेतली नसेल, तर भरपाई त्याच्याकडून वसूल होऊ शकते. ‘मला ठाऊक नव्हते’ हा बचाव येथे अपुरा पडतो.

११/१२
यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: संचालकांना असे धारेवर धरले तर धोका पत्करून उद्योग कोण उभारील? आक्षेप रास्त आहे, पण येथे गैरलागू. अपयश हा गुन्हा नाहीच. दोष आहे तो समोर आलेले आकडे न तपासण्याचा, आलेला इशारा दप्तरात बांधून ठेवण्याचा. या मोजमापाने पाहिले तर कलम १६६ चा दंड हास्यास्पद वाटतो: १ ते ५ लाख रुपये. अवाजवी लाभ परत करावा लागतो खरा, परंतु निव्वळ बेफिकिरीची किंमत एवढीच.

१२/१२
२००५ मध्ये विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण, महापारेषण व महानिर्मिती या कंपन्या झाल्या. म्हणजे उद्या असाच दीर्घ मुदतीचा करार कोणी मांडला, तर मंजुरी देणारे हात संचालकांचे असतील आणि कलम १६६ त्यांना बांधील. दाभोळच्या वेळी जबाबदारी कोणाची, हे कायद्यालाच नीट सांगता येत नव्हते. आज ते सांगता येते. म्हणून यापुढे उत्तर मिळाले नाही, तर तो दोष कायद्याच्या मौनाचा नसेल. ज्यांनी विचारले नाही त्यांचा असेल.