बर्फाच्या वाटेवर स्टेअरिंग कुणाच्या हाती?

मैत्रिणींनो, काश्मीर आणि मनाली ही आपल्यासाठी एकेकाळी फक्त सिनेमात बघायची ठिकाणं होती. आता तसं राहिलेलं नाही. सोलापुरातून कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली गाठायची आणि तिथून गाडीने मनाली, असे बेत आमच्या तामलवाडीसारख्या गावातही ठरू लागले आहेत. पोरांना सोलंगच्या उतारावर पायात लांब पट्ट्या बांधून बर्फावर घसरायचं असतं. त्यालाच स्कीइंग म्हणतात. हौस चांगलीच आहे. पण मग घरातल्या पुरुषमंडळींच्या डोक्यात आणखी एक खूळ शिरतं, "ड्रायव्हर कशाला? तिथं गाडी भाड्याने घेऊ आणि आपणच चालवू!"

हे ठरतं तेव्हा आपण कुठे असतो? दशम्या, शेंगाची चटणी आणि स्वेटरच्या तयारीत. गाडीचं काय ते त्यांनी बघावं, असं आपण धरूनच चालतो. माझं म्हणणं एवढंच, की हा विषय आपलाही आहे. लेकराला मांडीवर घेऊन त्या गाडीत मागे आपणच बसणार असतो ना!

आमच्या सोलापूर-तुळजापूर चौपदरी रस्त्यावर हात बसलेला माणस निष्णात असेलही, पण बर्फ वेगळा. ओल्या शहाबादी फरशीवर तेल सांडलं तर काय होतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. गोठलेला रस्ता तसाच असतो. त्यावर बर्फाचा पातळ, काचेसारखा थर धरतो. खालचं डांबर दिसत असल्याने रस्ता नुसता ओला आहे असं वाटतं. तिथे जोरात ब्रेक मारला की चाक थांबतं, गाडी मात्र घसरत पुढे जाते. म्हणून सराईत माणूस खालच्या गिअरमध्ये, हळू, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवून चालवतो. चाकांना साखळ्या बांधतो, त्याही इंजिनाचा जोर ज्या चाकांवर असतो त्यांना. 'फोर बाय फोर' गाडी घेतली की झालं, हाही गैरसमजच. चारही चाकांना जोर मिळाला की गाडी चढावर निघते बरी, पण थांबायच्या वेळी तीही घसरते.

आणखी एक गोष्ट. दिवसभराच्या उन्हात वितळलेलं पाणी सूर्य मावळला की पुन्हा गोठतं. म्हणजे रस्ता पुन्हा वाईट होऊ लागतो तो संध्याकाळी, आणि दिवसभर बर्फात खेळून पाय भरून आलेला आपला माणूस नेमका त्याच वेळी स्टेअरिंगवर बसणार!

डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात बर्फवृष्टीमुळे सुमारे हजार गाड्या अडकून पडल्या होत्या. पोलिसांनी पर्यटकांना बाहेर काढलं. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी मात्र बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसं दगावली. त्यात लहान मुलंही होती. अशा वेळी ऊब मिळावी म्हणून काचा लावून इंजिन चालू ठेवतात. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं की विषारी वायू आत शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपेतच माणूस जातो. हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं.

आता गाडीच्या कागदांचं बघू. काळी-पिवळी जीप आणि चोरून भाडं मारणारी पांढऱ्या पाटीची जीप यातला फरक आपल्या भागात पोरासोरांनाही कळतो. तोच डोळा तिथेही उघडा ठेवायचा. स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या अधिकृत गाडीची नंबरपाटी काळी आणि त्यावर अक्षरं पिवळी असतात. ड्रायव्हरसह मिळणाऱ्या टॅक्सीची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी. पांढरी पाटी म्हणजे खाजगी गाडी. ती कुणी स्वस्तात भाड्याने देत असेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. दोन पैसे वाचवायला जाऊन घरदार गहाण पडायची वेळ!

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मनालीपर्यंत कसंही जा, पण बर्फाच्या वाटेवर गाडी तिथल्याच ड्रायव्हरच्या हाती द्या. त्याचा जन्म त्या घाटात गेलेला असतो. कुठल्या वळणावर ऊन पोचत नाही हे त्याला ठाऊक असतं आणि आज वर जायचं नाही हे सांगायचं धाडसही त्याच्यात असतं. काश्मिरात गुलमर्गला तर हिवाळ्यात खाली टंगमर्गलाच आपली गाडी सोडून साखळ्यांची गाडी करावी लागते. त्यात कुणाचा अपमान होत नाही. मग मनालीतच मान का आडवा यावा?

यावर घरातून उत्तर येईल, "तुला गाडीतलं काय कळतं?" बचत गटाच्या बैठकीत हे वाक्य मी कितीदा तरी ऐकलं आहे, ट्रॅक्टरच्या कर्जापासून मोटारसायकलच्या हप्त्यापर्यंत. त्याला भांडण हे उत्तर नव्हे. उत्तर आहे, आपण शिकणं. कित्येकजणींनी लायसन्स काढलंय, पण ते कपाटात साडीखाली पडून आहे. ते बाहेर काढा. सपाट रस्त्यावर, दिवसाउजेडी, सोबत कुणाला तरी घेऊन चालवा. बर्फात चालवण्यासाठी नव्हे हो! क्लच, ब्रेक, गिअर हाताखालून गेले की गाडीबद्दल बोलताना आपला आवाज आपोआप ठाम होतो.

आणि निघण्याआधी चार गोष्टी विचाराच. पाटी कुठल्या रंगाची? विमा आणि परवान्याची तारीख काय? साखळ्या गाडीत आहेत का, आणि त्या बांधता कुणाला येतात? अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचणार का? एकाचंही उत्तर पटलं नाही तर त्या गाडीत बसू नका. तुळजापूरच्या जीपचं भाडं ठरवताना आपण दहा रुपयांसाठी हटून बसतो. इथे तर सगळं घर गाडीत बसलेलं असतं.